स्टॉकवर परतायचंय? मग नॅन्ड्रॉइडचा भरवसा सोडा

खटपट्या:

रूट केलेल्या, म्हणजे सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवलेल्या अँड्रॉइड फोनच्या बॅकअपबद्दल कुणी विचारलं की अजूनही पहिलं उत्तर ठरलेलं: "टीडब्ल्यूआरपीत जा, नॅन्ड्रॉइड घे, काही बिघडलं तर रिस्टोर मार." टीडब्ल्यूआरपी ही बाहेरून बसवायची रिकव्हरी (फोनचे कप्पे सांभाळणारी छोटी प्रणाली), आणि नॅन्ड्रॉइड म्हणजे तिने घेतलेली त्या कप्प्यांची प्रत. क्लॉकवर्कमॉड या तिच्या आधीच्या रिकव्हरीच्या जमान्यात हे उत्तर चोख होतं. बूट, सिस्टम, डेटा असे मोजके कप्पे (पार्टिशनं), बहुतेकदा कुलूप नसलेले. ते जसेच्या तसे उचलायचे, तसेच परत ठेवायचे, की फोन काल होता तसा. स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर, परतणाऱ्यांना आज हाच सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून हा धागा.

आता डेटा फाइलनिहाय एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारा असतो. अँड्रॉइड ७ मध्ये ही सोय आली आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांना ती सक्तीची झाली. किल्ल्या फोनच्या सुरक्षित हार्डवेअरशी बांधलेल्या असतात, आणि त्या बांधणीत बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) उघडा (अनलॉक) आहे की बंद (लॉक) हेसुद्धा धरलेलं असतं. म्हणजे बूटलोडर उघडा असताना यूजरडेटाची (तुमच्या डेटाच्या कप्प्याची) कच्ची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत काढली, मग स्टॉक टाकून लॉक केलं आणि ती इमेज परत घालायला गेलात, तर हाती निव्वळ कचरा. टीडब्ल्यूआरपी आधी डिक्रिप्ट करून फायली उचलतं, हे मला माहीत आहे. पण अँड्रॉइड १२ पासून पुढे कित्येक फोनांचं टीडब्ल्यूआरपी डिक्रिप्टच करू शकत नाही, आणि कित्येक फोनांसाठी ते बनलेलंच नाही. शिवाय फोटो, व्हिडिओ, डाउनलोड जिथे असतात ते अंतर्गत स्टोरेज टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअपमध्ये येतच नाही. ही गोष्ट फोन पुसून झाल्यावर कळणारे लोक अजूनही भेटतात.

माझा हिशेब साधा आहे. जे जगात दुसरीकडे कुठेच नाही तेवढंच जपायचं. तुमचा डेटा, आणि फोनची ओळख ज्यात असते ती पार्टिशनं. सिस्टम कंपनीकडे पडलेली आहे, तिचा बॅकअप कशाला? ती ताजी उतरवा, स्वच्छ फ्लॅश करा, म्हणजे फोनमध्ये नव्याने लिहा.

उलटतपासणी:

एन्क्रिप्शनबद्दल वाद नाही. पण "सिस्टम कंपनीकडे पडलेली आहे" हे वाक्य पिक्सेलवाल्यांनाच परवडतं. गूगल पिक्सेलच्या फॅक्टरी इमेज स्वतः देतं, थेट ब्राउझरमधून फ्लॅश करायचं साधनही देतं. बाकीच्यांनी काय करायचं? अनेक कंपन्या पूर्ण फर्मवेअर (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) ग्राहकाला देतच नाहीत. मग माणूस कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून झिप उतरवतो, मॉडेलचं नाव जुळलं म्हणून खूश होतो, आणि निघतो तो भलत्याच प्रदेशाचा बिल्ड. एकाच नावाच्या फोनचे प्रदेशागणिक वेगळे प्रकार असतात, मोडेम वेगळा असतो. शाओमीचे चीनसाठीचे फोन ग्लोबल रॉम (चीनबाहेरच्या फोनांसाठीचं सॉफ्टवेअर) टाकून लॉक केले की "ही आवृत्ती या फोनवर चालणार नाही" असं सांगून जागच्या जागी बसतात, हे तर सगळ्यांना तोंडपाठ असेल.

त्यामुळे रूट मिळताक्षणी यूजरडेटा सोडून बाकी एकूण एक पार्टिशन डीडी या आज्ञेने काढून संगणकावर टाका, असं मी सांगेन. बूट, व्हीबीमेटा, मोडेम, सुपर, सगळं. मॅजिस्क, म्हणजे रूट देणारं साधन, सिस्टमला हात लावत नाही, फक्त बूट किंवा इनिट बूट बदलतं. आणि त्याची मूळ प्रत तुमच्याकडे असतेच, कारण पॅच तिलाच केलेलं असतं. म्हणजे हा डंप आणि ती प्रत मिळून तुमच्याच फोनचा, तुमच्याच बिल्डचा खरा स्टॉक. नेटवरच्या दहा झिपांपेक्षा तो बरा.

वाटसरू:

मुळात रूट करायचंच कशाला, हा प्रश्न कुणालाच पडत नाही का? २०१२ मध्ये ठीक होतं. आता स्क्रीनशॉटपासून डार्क मोडपर्यंत सगळं आयतं मिळतं.

खटपट्या:

वाटसरू, तो वेगळा धागा होईल, आणि तिथेही मी भांडायला येईन. इथे फोन रूट झालेला आहे, आता पुढे काय, एवढंच बोलू.

उलटतपासणी, तुमच्या डंपची अडचण अशी की तो शिळा होतो. मधल्या काळात एखादा अपडेट घेतला आणि त्यात रोलबॅकचा (जुन्या आवृत्तीकडे परतू न देणारा) आकडा वाढला, तर तुमचाच खरा स्टॉक फोनला मारायला निघतो. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए यांना २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आल्यावर हेच झालं. एकदा १३ चा बूटलोडर बसला की १२ च्या जुन्या इमेजकडे परतीची वाट बंद. शाओमीत तर फास्टबूटमधून (संगणकावरून बूटलोडरशी बोलायच्या सोयीतून) गेटव्हार अँटी असं विचारून आकडा आधी बघायचा असतो. फोनचा आकडा रॉमच्या आकड्यापेक्षा मोठा असेल आणि तरी फ्लॅश केलं, तर फोन ईडीएल या आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन पडतो. तिथून बाहेर काढायला कंपनीची परवानगी असलेलं खातं लागतं.

उलटतपासणी:

हा आक्षेप डंपवर नाही, आळसावर आहे. अपडेट घेतला की डंप नवा काढायचा.

तळटीप:

दोघंही सिस्टमवरून हातघाईवर आला आहात, आणि ज्यावरून फोन खरोखर कायमचा अधू होतो त्याबद्दल खटपट्यांनी अर्ध्या वाक्यात उरकलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सॅमसंगमध्ये ईएफएस, क्वालकॉमच्या फोनांत मोडेमएसटी १, मोडेमएसटी २, एफएसजी आणि पर्सिस्ट, मीडियाटेकमध्ये एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा. आयएमईआय, रेडिओचं कॅलिब्रेशन, वायफायचा पत्ता, सेन्सरची मोजमापं, काही फोनांत डीआरएमच्या (कॉपी-संरक्षणाच्या) किल्ल्यासुद्धा, हे सगळं या कप्प्यांत असतं. कारखान्यात प्रत्येक फोनसाठी ते वेगळं लिहितात. कुठल्याही फॅक्टरी इमेजमध्ये ते नसतं, असूच शकत नाही. मीडियाटेकच्या एसपी फ्लॅश टूलमध्ये "फॉरमॅट ऑल" निवडून स्टॉक टाकला की फोन झकास सुरू होतो आणि सिम काही दिसत नाही, कारण आयएमईआय गेलेला असतो. स्टॉकवर परतणारे सगळ्यात जास्त इथेच आपटतात. डाउनलोड ओन्ली हा पर्याय शेजारीच असतो, पण बूटलूपने (फोन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहण्याने) वैतागलेला माणूस मुळापासून साफ करायच्या नादात असतो.

सोनीच्या जुन्या एक्सपीरियांत तर बूटलोडर उघडताक्षणी टीए पार्टिशनमधल्या डीआरएम किल्ल्या पुसल्या जायच्या आणि कॅमेऱ्याचे फोटो अंधारात बिघडायचे. म्हणून लोक आधी एखादी सुरक्षा त्रुटी वापरून तात्पुरतं रूट मिळवायचे, टीए उतरवून घ्यायचे, आणि मगच अनलॉक करायचे.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. या फायली फोनमध्येच ठेवू नका, कारण फोन पुसला की त्याही जाणार. आणि दुसऱ्याच्या पर्सिस्ट किंवा ईएफएसची फाइल मागू नका, स्वतःची कुणाला देऊ नका. त्यात तुमचा आयएमईआय असू शकतो, आणि दुसऱ्याचा आपल्या फोनमध्ये घालणं हा निव्वळ गाढवपणा.

खटपट्या:

तळटीप, शंभर टक्के सहमत. म्हणूनच म्हणालो, जे दुसरीकडे कुठे नाही ते जपा.

पाटीपेन्सिल:

ॲपच्या डेटाचं कुणी बोलतच नाहीये. माझ्याकडे टायटॅनियम बॅकअप या रूटवर चालणाऱ्या ॲपच्या फायलींचा ढीग आहे, अलीकडचे निओ बॅकअपचे आहेत. स्टॉकवर गेल्यावर ते परत घालता येतात ना?

उलटतपासणी:

नाही! आणि खटपट्यांच्या "फक्त तुमचा डेटा जपा" या सल्ल्यातली मेख हीच आहे. रूटने काढलेला ॲप-डेटा परत घालायलाही रूट लागतं. डेटाच्या कप्प्यात दुसऱ्या ॲपच्या घरात लिहायची परवानगी स्टॉक फोन कुणालाच देत नाही. आता म्हणाल, स्टॉक टाकू, तात्पुरतं मॅजिस्क लावू, रिस्टोर करू, मॅजिस्क काढू आणि लॉक करू. तर लॉक करताना फोन सगळा डेटा पुसतो. घातलेलं सगळं पुन्हा शून्य. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुमचा ढीग अगदीच वाया नाही. निओ बॅकअपच्या फायली साधे टार (एकत्र बांधलेल्या फायलींचे गठ्ठे) असतात, एन्क्रिप्शन लावलं नसेल तर संगणकावर उघडून नोंदींचा डेटाबेस हाताने काढता येतो. पण ते उकरकाम झालं. एडीबी बॅकअपचीही (संगणकावरून आज्ञा देऊन घ्यायच्या बॅकअपची) आशा धरू नका, अँड्रॉइड १२ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठी बनलेल्या ॲपांचा डेटा ते उचलत नाही.

खटपट्या:

यात मला वादाचं काही दिसत नाही. कायमचं स्टॉकवर जायचं असेल तर ॲपची स्वतःची निर्यात हाच मार्ग. सिग्नलचा आपला बॅकअप असतो, ओटीपीच्या ॲपांत निर्यात असते, नोंदवह्यांत असते. ज्या ॲपात नाही, त्यातला डेटा तुम्ही त्या ॲपला देऊन टाकला आहे असंच समजा.

रूट ठेवूनच रॉम बदलणाऱ्यांना निओ बॅकअप किंवा स्विफ्ट बॅकअप उत्तम. तरी तिथेही काही ॲपं रिस्टोर झाल्यावर पहिल्याच पडद्यावर कोसळतात. त्यांनी आपली किल्ली कीस्टोअरमध्ये (फोनच्या सुरक्षित तिजोरीत) ठेवलेली असते, आणि ती फायलींबरोबर येत नाही. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला फोनचा ओळखक्रमांकही वेगळा मिळतो, त्यामुळे बँकेचं ॲप तुम्हाला नव्या फोनवर आलेला पाहुणा समजतं. त्यांना परत घालायच्या भानगडीत पडू नका, नव्याने नोंदणी करा.

पाटीपेन्सिल:

मग लॉक करायचंच कशाला? उघडा ठेवून स्टॉक चालवला तर?

खटपट्या:

उघडा बूटलोडर असलेल्या फोनला मी स्टॉक म्हणत नाही. फोन हरवला तर ज्याच्या हाती पडेल तो बदललेलं बूट घालू शकतो. प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या फोन-तपासणीत उपकरणाची पातळी उत्तीर्ण होत नाही, आणि त्यावर अवलंबून असलेली ॲपं अडून बसतात. ज्या कारणासाठी लोक स्टॉकवर परततात, तेच साधत नसेल तर एवढी उठाठेव कशाला?

उलटतपासणी:

आणि लॉक करताना एखादं पार्टिशन बदललेलं राहिलं तर? व्हेरिफाइड बूट ही सुरू होतानाची तपासणी ते पकडते, फोन सुरू व्हायला नकार देतो, आणि आता बूटलोडर बंद असल्यामुळे तुम्ही काही फ्लॅशही करू शकत नाही. मी फ्लॅशिंगच्या कुठल्याच साधनावर डोळे झाकून विसंबत नाही. शाओमीच्या "Mi Flash" साधनात मी पाहिलंय, त्याच्या खालच्या कोपऱ्यात "क्लीन ऑल अँड लॉक" हा पर्याय कित्येकदा आधीपासूनच निवडलेला असतो. चुकीच्या प्रदेशाचा रॉम आणि हे टिंब, एवढ्यात खेळ खलास.

सॅमसंगवाल्यांना तर लॉक करूनही सगळं परत मिळत नाही. नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज (छेडछाड झाल्याची खूण) एकदा उडाला की ०x१ कायमचं. ओडिन या सॅमसंगच्या फ्लॅशिंग साधनाने बीएल, एपी, सीपी, सीएससी या फर्मवेअरच्या सगळ्या फायली अधिकृत टाका, लॉक करा, सिक्युअर फोल्डर परत येत नाही. ज्यांना हे आधी कुणी सांगितलंच नाही, त्यांना "स्टॉकवर गेलं की सगळं पूर्ववत" हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तळटीप:

ओडिनचा विषय निघालाच आहे तर: सीएससीची फाइल घातली की डेटा पुसतो, होम सीएससी घातली की राहतो. बूटलूपमधून नुसतं बाहेर पडायचं असेल तर आधी होम सीएससी वापरून बघा. पिक्सेलमध्ये फ्लॅश-ऑलच्या स्क्रिप्टमधला डब्ल्यूचा पर्याय काढला की डेटा वाचतो, तेच.

आणि नुसता अपडेट हवा असणाऱ्यांनी एवढं सव्यापसव्य करू नये. मॅजिस्कमध्ये अनइन्स्टॉलखाली "रिस्टोर इमेजेस" आहे. ते दाबायचं, फोन रीबूट न करता अपडेट घ्यायचा, आणि रीबूटच्या आधी निष्क्रिय स्लॉटमध्ये (सिस्टमच्या दोन जागांपैकी वापरात नसलेल्या जागेत) मॅजिस्क बसवायचं. मात्र मूळ बूटची ती प्रत मॅजिस्क डेटाच्या कप्प्यातच ठेवतं. मधे फोन पुसला असेल तर स्टॉक बॅकअपच नाही असा निरोप येतो आणि बूटची फाइल शोधत फिरावं लागतं.

खटपट्या:

उलटतपासणी, तुमचा डंप मी अर्धा मान्य करतो. ज्या कंपनीचं फर्मवेअर मिळत नाही तिथे तो हवाच. पण लॉकबद्दल माझं मत तेच. फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर उघडा बूटलोडर देणं बरं नव्हे.

उलटतपासणी:

द्यायचा असेल तर मीही लॉक करीन, स्वतः वापरायचा असेल तर नाही. आणि करताना घाई नको. अधिकृत इमेज टाकून फोन लॉक न करता पूर्ण सुरू होऊ द्या, सिम, वायफाय, बोटाचा ठसा, कॅमेरा तपासा. पिक्सेल असेल तर तीच आवृत्ती ओटीए साइडलोडने (अपडेटची फाइल संगणकावरून देऊन) आणखी एकदा घाला, म्हणजे दुसऱ्या स्लॉटमध्ये जुना बूटलोडर पडून राहणार नाही. मग लॉक. लॉक केल्यावर फोन पुन्हा नव्याने सुरू झाला, पहिला पडदा दिसला, की त्यानंतरच डेव्हलपर पर्यायांत जाऊन ओईएम अनलॉकिंगचं (बूटलोडर उघडू देणारं) बटण बंद करा. ते आधी बंद केलं आणि लॉकनंतर फोन उठलाच नाही, तर फास्टबूट पुन्हा उघडायला नकार देतं.