सोलर कंपनीत भरती निघालीये, चालू नोकरी सोडून जावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, मी कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे, ९ वर्षं झाली. एक सोलर-विंडवाली कंपनी (नाव नको घ्यायला) पसारा वाढवतेय, हजारो रोजगार निघणार म्हणून गाजावाजा चाललाय, आणि आमच्यातले दोघं तर फॉर्म भरून मोकळेसुद्धा झाले. मलाही साइट टेक्निशियनसाठी विचारलंय, पण कॉन्ट्रॅक्टरमार्फत. बायको म्हणते हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

माझं अडलंय ते असं की प्लँट उभा करताना खांब ठोकायला, चर खणायला, पॅनल बसवायला, केबल ओढायला ढिगाने माणसं लागतात, पण ते काम काही महिन्यांचं, आणि एकदा प्लँट चार्ज झाला (म्हणजे वीज सुरू झाली) की पुढची २५ वर्षं तो मूठभर लोकांवर चालतो, मग हे हजारो रोजगार नक्की कुठले मोजलेत? इरेनाचा (आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था) आकडा वाचला, २०२३ मध्ये जगभरात अक्षय ऊर्जेत १ कोटी ६२ लाख रोजगार, त्यातले ७२ लाख सोलरचे. भारीच आहे, पण एकूणातले जवळपास निम्मे एकट्या चीनमध्ये, आणि पॅनलच्या फॅक्टरीतली माणसंही त्यातच धरलेली. मला त्याचा काय उपयोग?

कोणी असा बदल केलाय का? आणि विंडला जायचं तर ते जीडब्ल्यूओ (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) सेफ्टी ट्रेनिंग आपल्या खिशातून करायचं असतं का?

प्रतिसाद: मी ओ अँड एमला (प्लँट चालवणं आणि देखभाल) आहे. पहिला प्रश्न एकच विचारा, जागा प्रोजेक्टची (प्लँट उभारणीची) की ओ अँड एमची? प्रोजेक्टची असेल तर साइट संपल्यावर पुढच्या साइटवर नेणार का, ते लेखी घ्या, तोंडी कोणीही हो म्हणतो. जीडब्ल्यूओचा बेसिक सेफ्टी कोर्स २ वर्षांनी रिफ्रेश करावा लागतो, म्हणून एकदाचा नाही, दर वेळचा खर्च कोणाचा ते विचारा. आणि एसी करंटचा हात बसलाय म्हणून पॅनलच्या डीसी करंटला गृहीत धरू नका, इन्व्हर्टर बंद असला तरी उन्हात स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ) जिवंतच असते, लोडवर (करंट वाहत असताना) कनेक्टर ओढला तर आर्क (ठिणगीचा झोत) एसीसारखा आपोआप तुटत नाही. आमच्याकडे नवीन आलेले अनुभवी लोकच इथे चुकतात.

धागाकर्ता: आभार दादा. जागा प्रोजेक्टचीच निघाली, आत्ताच फोन करून विचारलं. लेखी मागितलं तर 'बघू' म्हणाले.