मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या खात्यातले पैसे सरकारजमा झाले म्हणतात

नीरजा_क
काल बँकेत जाऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी पासबुक बघितलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं आणि म्हणाल्या, "हे पैसे रिझर्व्ह बँकेकडे गेले, आमच्याकडे आता काही नाही." त्यापुढे एक शब्द नाही. रिझर्व्ह बँकेत अर्ज कुठे करायचा? कुणी केला असेल तर लवकर सांगा, मला रविवारी परत निघायचंय.

पासबुक_जपा
उद्गम पोर्टलवर शोधा. रिझर्व्ह बँकेनेच २०२३ साली सुरू केलंय. नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यातलं एक काहीतरी टाकायचं. सासऱ्यांची दोन खाती मला तिथेच सापडली.

नीरजा_क
अहो, खातं सापडलेलंच आहे. पासबुक हातात आहे. पैसे कसे मिळतील ते विचारतेय.

स्पष्ट_बोलतो
दहा वर्षं हात लावला नाही की सरकार घेतं. विसरा आता.

निवृत्त_कॅशियर
असं काहीही सांगून घाबरवू नका. घेत नाही, सांभाळतं. दोन वर्षं ग्राहकाने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज हा ग्राहकाचा व्यवहार धरत नाहीत, त्यामुळे पासबुकात नोंदी दिसतात आणि लोकांना वाटतं खातं चालू आहे. दहा वर्षं झाली की रक्कम ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ पासून रिझर्व्ह बँक चालवते. हक्क ठेवीदाराचा किंवा वारसांचाच राहतो आणि मागायला मुदत नाही.
ताई, अर्ज रिझर्व्ह बँकेत नाही, तुमच्या बँकेतच करायचा. बँक तुम्हाला पैसे देते आणि मग निधीकडून परत मागून घेते. पण खातं बचत की मुदत ठेव? एकट्याचं की जॉइंट? वडील आहेत ना? नॉमिनेशन होतं?

शेअरवाला
घरातले जुने शेअर्सही तपासा. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर्ससकट सगळं गुंतवणूकदारांच्या वेगळ्या निधीत जातं. तो अर्ज मात्र ऑनलाइन भरून कंपनीकडे कागद पाठवावे लागतात. मी दीड वर्ष त्यात घालवलं.

नीरजा_क
शेअर्स नाहीत. बाबा २०१९ मध्ये गेले, हे आधी लिहायला हवं होतं. बचत खातं, एकट्यांचं, त्यांनी शेवटचे पैसे २०११ मध्ये काढलेले. पासबुकवर 'नामांकन नोंदवले' असा शिक्का आहे, नाव नाही. आईचंच असणार. मधल्या काळात बँकही दुसऱ्या बँकेत विलीन झाली.

पासबुक_जपा
मग सोपं आहे. आई नॉमिनी म्हणजे पैसे आईचे.

वकील_नाही_पण
नॉमिनी मालक नसतो. पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँक खात्याबाबत हेच सांगितलंय. भावंडं असतील तर आधी वारस प्रमाणपत्र काढा, नाहीतर पुढे भांडणं होतात.

निवृत्त_कॅशियर
कायदा बरोबर, सल्ला चुकीचा. नॉमिनी असताना बँकेने वारस प्रमाणपत्र मागायचंच नसतं, न्यायालयाचा मनाई हुकूम असेल तर गोष्ट वेगळी. वाटणी घरात होते, काउंटरवर नाही. या कागदापायी लोकांना महिनोन्‌महिने खेटे घालताना मी पाहिलंय.
नीरजाताई, विलीनीकरणाची काळजी नको, जुन्या बँकेचं देणं नव्या बँकेवरच येतं. मृत्यूचा दाखला, आईचे ओळखीचे कागद, पासबुक आणि मयत खातेदाराचा दावा-अर्ज एवढं द्या. पोच शिक्क्यासह घ्याच. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. व्याजही मागा, निधीत गेल्यावर सध्या ३ टक्के सरळव्याज आहे.

स्पष्ट_बोलतो
आणि बँकेने नाहीच ऐकलं तर?

निवृत्त_कॅशियर
लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही.

नीरजा_क
आज आईला घेऊन गेले. नामांकन आईच्याच नावाचं निघालं! पण मृत्यूच्या दाखल्यावर बाबांचं पूर्ण नाव आहे आणि पासबुकवर फक्त आद्याक्षरं. तेवढ्यावरून परत पाठवलं. आई पायऱ्यांवरच बसली हो.

निवृत्त_कॅशियर
दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आईच्या नावाने करा, नोटरीकडे तासाभराचं काम. सोबत बाबांचं पॅन किंवा पेन्शनचं पुस्तक जोडा. अर्ज मात्र आजच्याच तारखेचा द्या आणि त्रुटी लेखी मागा. आईंना पुन्हा नेऊ नका, त्यांची सही घरीच घेऊन ठेवा. तपासायला माणूस पाठवा असं शाखाधिकाऱ्यांना सांगा.