जुन्या बुलेटचा कार्ब्युरेटर बदलला, तरी आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन मंद चालू राहणे) टिकत नाही – मदत हवी आहे

विजापूर_वेस: वडिलांची बुलेट चार महिने अंगणात उभी आहे. जुन्या कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) स्लाइड, म्हणजे आतली सरकती झडप, झिजून खडखडत होती, म्हणून नवी पेठेतून नवीन आणून बसवला. आता गाडी चोकवर (मिश्रणात पेट्रोल वाढवणाऱ्या कळीवर) सुरू होते, चोक काढताच बंद पडते आणि इंजिन तापले की रेस वाढून खालीच येत नाही. रविवारी वडिलांना तिच्यावरून अक्कलकोटला न्यायचे आहे. कोणता कार्ब्युरेटर घ्यावा, एवढेच कृपया सांगावे.

कुमठा_नाका: गाडी 350 सीसीची आहे की 500? साल कोणते? मूळ कार्ब्युरेटर अ‍ॅमल कंपनीचा होता की मिककार्ब कंपनीचा? हे कळल्याशिवाय सांगितलेले नाव म्हणजे केवळ अंदाज ठरेल.

सात_रस्ता: सरळ 28 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) मिककार्ब बसवावा. मी बसवला आहे आणि पुण्याच्या रस्त्यावर गाडीचा ओढा चांगलाच वाढला.

कुमठा_नाका: 28 चा कार्ब्युरेटर 500 च्या बुलेटसाठी असतो. 350 ला तो लावल्यास कमी रेसवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि गावातल्या गर्दीत गाडी अडखळते. मोकळ्या रस्त्यावरचा आपला अनुभव खरा असेल, पण येथे तक्रार आयडलिंगची आहे.

अशोक_चौक: माझ्या जावा मोटारसायकलच्या जिकोव्ह कार्ब्युरेटरचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बदलल्यावर हाच त्रास गेला.

विजापूर_वेस: जावाचा येथे काय संबंध? गाडी 350, साल 1972. जुना कार्ब्युरेटर अ‍ॅमलचा मोनोब्लॉक प्रकारचा आहे. त्यावर 376 हा मॉडेल क्रमांक वाचता येतो, पुढचा आकडा पुसट झाला आहे. नवा मिककार्ब असून व्हर्निअरने त्याचा बोअर 24 मिलिमीटर भरला. जुन्याचाही जवळपास तेवढाच आहे.

होटगी_रस्ता: मग कार्ब्युरेटरचे माप चुकलेले नाही, आणि तिसरा विकत घेण्याची घाई करू नये. चोकवर चालणे आणि तापल्यावर रेस अडकणे ही दोन्ही लक्षणे मिळून बहुधा एकच गोष्ट सांगतात: कुठून तरी जादा हवा शिरत असून मिश्रण पातळ होत आहे. फ्लँजचे (कार्ब्युरेटरची इंजिनला जोडली जाणारी सपाट कड) नट जास्त आवळले की फ्लँज मधोमध वाकतो आणि पॅकिंग कितीही नवे असले तरी सांधा हवाबंद राहत नाही. इंजिन थंड असताना त्या सांध्याभोवती जाड ग्रीस लावून गाडी सुरू करावी. आयडलिंग सुधारले तर गळती तेथेच आहे. सांध्यावर पेट्रोल मारून तपासण्याची पद्धत मात्र कृपया टाळावी, कारण त्यात आगीचा धोका आहे.

सात_रस्ता: आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विचार कोणीच करत नाही. मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) घालावाच लागतो.

होटगी_रस्ता: इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, हे मान्य आहे. परंतु मेन जेटचा प्रभाव थ्रॉटल बराच उघडल्यावर पडतो. आयडलिंगला पायलट जेट (कमी रेसवर पेट्रोल सोडणारे छिद्र) आणि एअर स्क्रू (तेव्हाची हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) पाहावे लागतात, तेही गळती बंद केल्यानंतरच. शिवाय अ‍ॅमलच्या जुन्या जेटवरचे आकडे पाहून मिककार्बचे जेट निवडू नयेत.

विजापूर_वेस: फ्लँज काढून काचेवर ठेवला, तर मधोमध कागद सहज सरकतो. नट मीच पान्याला पाइप लावून आवळले होते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज सपाट करतो, नवे पॅकिंग घालतो आणि गाडी सुरू झाल्यावर पायलट जेटचा आकडा येथे लिहितो.