गवती चहाचा काढा : पाती किती वेळ उकळावीत?

प्रश्न
आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर गवती चहाचा ठोंब चांगलाच फोफावला आहे. सर्दी-तापात सासूबाई त्याची पाती, आले, चार-पाच मिरी आणि गूळ घालून पाणी निम्मे आटेपर्यंत काढा उकळत आणि तो प्यायल्यावर घाम फुटेपर्यंत घोंगडीखाली पडून राहायला लावत. मी तसाच करते. रंग येतो, परंतु वास राहत नाही. शांत झोपेसाठीही हा काढा घेतात, त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १
वास ज्या सिट्रलमुळे येतो, ते उडनशील तेलातले द्रव्य असून वाफेबरोबर निघून जाते. स्वयंपाकघरभर दरवळ सुटला, म्हणजे तेवढा कपातून गेला. आले-मिरी आधी उकळून घ्यावी, आच बंद केल्यावर कात्रीने कापलेली पाती घालावीत आणि घट्ट झाकण ठेवून दहा मिनिटे मुरू द्यावीत. (पात्यांच्या कडा धारदार असतात, ओरबाडून तोडू नयेत.) झाकण काढताना त्याच्या आतले थेंबही भांड्यात निथळून घ्यावेत, कारण वास त्यांतही असतो.

प्रतिसाद २
झोपेबद्दल सांगायचे तर, ब्राझीलमध्येही हा चहा मन शांत करणारा म्हणून घरोघरी पितात. मात्र तेथील संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत माणसांवर त्याचा झोप आणणारा किंवा चिंता घटवणारा परिणाम आढळला नाही. घाम येण्याचे श्रेयही मला निम्मे गरम पाण्याला आणि घोंगडीला द्यावेसे वाटते. घसा शेकतो, बरे वाटते, म्हणून जरूर प्यावा. परंतु ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. गरोदरपणी तो औषध म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रतिसाद ३
ठोंब गवती चहाचाच आहे ना, हे आधी पाहावे. डास पळवण्यासाठी लावतात ते सिट्रोनेला दिसायला अगदी तसेच असते, पण त्याचा बुंधा लालसर असतो आणि ते चहासाठी वापरत नाहीत. खानदेशातले रोशा गवत, म्हणजेच तिखाडी, हेही याच कुळातले. त्याचे तेल सांधेदुखीवर बाहेरून चोळतात.

प्रश्नकर्ती
बुंधा पाहिला, फिकट हिरवाच आहे. काल झाकून केलेला काढा रंगाने अगदी फिका झाला, त्यामुळे सासूबाईंनी आधी कप परत केला. वास घेतल्यावर मात्र मागून घेतला.