नोंद पाहिल्यानंतर काय करायचे?

कोणत्या रुग्णाला कोणत्या डॉक्टरने कोणती नशा आणू शकणारी औषधे दिली, याची नोंद तपासल्याने डॉक्टर बदलत गोळ्या जमवणारे सापडतात, असे म्हणतात; ते मान्य आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९९९ पासून ‘कॅस्पर’ ही अशी नोंदप्रणाली आहे आणि २०१२ च्या कायद्याने डॉक्टरांना ती पाहणे बंधनकारक झाले. पण तिथे फार्मासिस्ट म्हणून काम करताना मला तिचा खरा उपयोग वेगळाच दिसला. पाठदुखीने वाकलेले एक आजोबा ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची चिठ्ठी घेऊन आले, तेव्हा पडद्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले अल्प्राझोलॅम हे चिंता कमी करणारे, गुंगी आणणारे औषध दिसले. दोन्ही एकत्र घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आजोबा कोणाला फसवत नव्हते, दोन डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मी दोघांनाही फोन केला आणि अफूवर्गीय औषधांचा परिणाम उलटवणाऱ्या नालोक्सोनचा फवारा नाकात कसा मारायचा ते आजींना दाखवले. चिठ्ठी नुसती परत केली, तर वेदनेने बेजार झालेला माणूस फेंटानिल हे अतितीव्र अफूवर्गीय औषध मिसळलेल्या चोरट्या गोळ्यांकडे वळू शकतो.