मदत हवी आहे: त्रिनिदाद, चार दिवस, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या सुट्टीत न्यू जर्सीहून चार दिवस त्रिनिदादला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा, भारतातून आलेले आई-बाबा आणि एफ-१ व्हिसावर शिकणारा भाचा. न्यूयॉर्कहून तिथल्या राजधानीला, पोर्ट ऑफ स्पेनला, थेट विमान आहे, साधारण पाच तासांचं.

"कॅरिबियन म्हणजे रिसॉर्ट, त्रिनिदाद कशाला?" असं कृपया विचारू नका. बाबांना तिथलं क्रिकेटचं मैदान, क्वीन्स पार्क ओव्हल, बघायचंय, विषय संपला. मार्च १९७१, वाडेकर कप्तान, सरदेसाईंचे ११२, पहिल्याच कसोटीत गावसकरचे ६५ आणि नाबाद ६७, दुराणीने एका दमात उडवलेले सोबर्स आणि लॉइड. वेस्ट इंडिजवरचा आपला पहिला कसोटी विजय. जेवताना कुणी नुसतं 'पोर्ट ऑफ स्पेन' म्हणायचा अवकाश, हे सगळं ऐकावं लागतं. सामना नसताना आत सोडतात का?

बाकी बेत असा. एक संध्याकाळ कॅरोनीच्या खारफुटीत लाल आयबिस पक्षी बघायला. एक दिवस मध्य त्रिनिदाद: कारापिचाइमाच्या दत्तात्रेय मंदिरातला ८५ फुटी हनुमान आणि जवळच वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुराने आधी साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. ते पाडलं, वर त्याला तुरुंगात टाकलं. मग गड्याने सायकलवरून सामान वाहून समुद्रातच भर घातली. आईला हे सांगितल्यापासून तिची बॅग जवळजवळ भरलेली आहे.

अडलंय ते इथे. शेजारचं टोबॅगो बेट यात बसवावं का? नवऱ्याला तिथला नायलॉन पूल (भर समुद्रातला उथळ भाग) बघायचाय. ला ब्रेआचं डांबराचं तळं आईच्या गुडघ्यांना झेपेल का? ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. भाच्याचा व्हिसा स्टॅम्प संपलाय, आय-२० (कॉलेजने दिलेला विद्यार्थी फॉर्म) चालू आहे. आणि २०२४ च्या अखेरीस तिथे आणीबाणी लागली होती, तेव्हापासून नवरा रोज एक बातमी पाठवतो. गाडी भाड्याने घ्यावी की चालकासकट?

प्रतिसाद १:
आधी भाच्याचं बघा. स्टॅम्प संपला असला तरी एफ-१ वाल्यांना तीस दिवसांच्या आत शेजारच्या बेटांवरून परत येता येतं, आणि अमेरिकन कायद्यातल्या त्या यादीत त्रिनिदादचं नाव आहे. एच-१बीला (नोकरीच्या व्हिसाला) ही सवलत फक्त कॅनडा-मेक्सिकोपुरती, त्यामुळे एच-१बीवाल्या मित्रांच्या सल्ल्यावर जाऊ नका. तिथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज मात्र करायचा नाही, केला की सवलत गेली. आय-२० वर प्रवासाची सही ताजी हवी, आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत जवळ ठेवा. विमानतळावरच्या काउंटरवाल्यांना हा नियम बहुधा माहीत नसतो, तेव्हा छापून न्या आणि लवकर पोचा. आई-बाबांना परत येताना अमेरिकेत राहायला नवे सहा महिने मिळतील असं धरून चालू नका.

प्रतिसाद २:
टोबॅगो सोडा. विमान अर्ध्या तासाचंही नाही, पण विमानतळावर ताटकळण्यात दिवस जातो, आणि बोटीला तीन-चार तास लागतात. डांबराचं तळंही सोडा. जमीन पायाखाली दबते, मध्ये पाण्याची डबकी, शिवाय दक्षिणेला लांब. मुलगा आणि भाचा हट्टाने जाणार असतील तर जाऊ देत.

कॅरोनीला मात्र जाच. होडी सपाट तळाची, बसून राहायचं, गुडघ्यांचा प्रश्न नाही. चारच्या सुमाराला सुटते. वाटेत नावाडी वर बोट दाखवतो, तिथे फांदीवर वेटोळं घालून अजगराच्या जातीचा साप झोपलेला असतो (आईंना आधी सांगू नका). सूर्य कलला की लाल थवे येऊन बेटावरच्या झाडांवर उतरतात. गडद कपडे आणि डासांचं मलम न्या.

खाण्याची चिंता नको. डबल्स म्हणजे दोन मऊ 'बारा' (तळलेल्या पुऱ्या) आणि त्यात छोले, वर चिंच, काकडी. सकाळी रस्त्यावर उभ्याने खायचं. 'स्लाइट पेपर' (थोडंच तिखट) म्हणा, नाहीतर तिथली मिरची आपल्या ठेच्याला गप्प बसवते. दालपुरीही आहेच, मात्र सोबत बटाटा-चण्याचीच भाजी मागा.

गाडी डाव्या बाजूने चालवतात, पण पहिल्या खेपेला हॉटेलने ठरवून दिलेला चालकच बरा. अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पायी भटकू नका. ओव्हल एका क्लबच्या मालकीचं आहे, आधी मेल टाकून ठेवा. आणि मुलाच्या बॅगेत लष्करी छापाची टोपी किंवा चड्डी असेल तर घरीच काढा. तिथे ते कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! टोपी खरंच निघाली बॅगेतून. टोबॅगो रद्द, नवरा रुसलाय. ओव्हलला मेल बाबा स्वतः लिहितायत, सध्या दीड पान झालंय आणि अजून दुसरा डाव सुरू व्हायचाय. कारापिचाइमा-वॉटर्लूसाठी दिवसभराचा चालक कुणी नुकताच घेतला असेल तर साधारण किती पडले ते सांगाल का?