मदत हवी आहे: दीड आणि साडेतीन वर्षांच्या मुलांना घेऊन डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर

दोन_पिल्लं
चार रात्रींचा बेत आहे. गाव २१०० मीटर उंचीवर, शेवटचे तीन तास सलग घाट. तिथे तीन कुंडं आहेत. दोन मोठ्यांची, फलकावर ३९ ते ४१ अंश लिहिलंय, आणि एक उथळ, ३४ अंशांचं. शिवाय तासाच्या हिशेबाने मिळणारी बंद न्हाणीघरंही आहेत. मुलगी साडेतीन वर्षांची, धाकटा दीडचा आणि अजून डायपरमध्ये.

कोणत्या पाण्यात किती वेळ चालेल? डायपरचं काय करायचं? उंचीचा त्रास एवढ्या लहानांना होतो का? डॉक्टरांना विचारणार आहोतच, पण बारीकसारीक गोष्टी जाणकारांकडूनच कळतात. कृपया सांगा.

घाटवळण
३९-४१ वाली दोन्ही कुंडं मुलांसाठी नाहीतच असं धरून चाला. पाच वर्षांखालच्या मुलांना हॉट टबमध्ये उतरवू नये, अशी सर्वसाधारण वैद्यकीय शिफारस आहे आणि मोठ्यांच्या हॉट टबसाठीही ४० अंश ही वरची मर्यादा मानतात. शरीर स्वतः ३७ अंशांचं. पाणी त्याहून गरम असलं की उष्णता बाहेर पडायच्या ऐवजी आत येते, आणि गळ्यापर्यंत पाण्यात असल्यावर घाम येऊन उपयोग नसतो, कारण तो वाळतच नाही. लहान मुलाचं वजन कमी, त्या मानाने कातडीचा पसारा मोठा. त्यामुळे मोठा माणूस जेवढ्या वेळात सुखावतो, त्याच्या कितीतरी आधी मूल आतून तापलेलं असतं.

३४ चं कुंड मात्र छान आहे. पहिल्या वेळी दहा मिनिटं, मग बाहेर, अंग पुसून पाणी पाजायचं, मूल नेहमीसारखं खेळत असेल तर पुन्हा दहा मिनिटं. एका मुलामागे एक मोठा माणूस, हात पोचेल एवढ्या अंतरावर. तुमच्या कमरेएवढं पाणी म्हणजे दीड वर्षाच्या मुलाचं डोकं बुडेल एवढं, हे काठावर उभं राहून लक्षात येत नाही.

चेहरा लाल होणं ही पहिली खूण. खरी काळजी त्यानंतरची: दंगा करणारं मूल एकदम गप्प होऊन खांद्यावर मान टाकतं. त्याला झोप आली असं समजून पाण्यातच थोपटत बसतात. तसं करू नका, लगेच बाहेर काढा.

तिसरी_घंटा
वरच्याला अनुमोदन. फलकावर जाऊ नका, बाळाच्या आंघोळीचा तरंगता थर्मामीटर सोबत न्या. जिथे नळातून किंवा दगडातून ताजं पाणी पडतं तिथे दोन-तीन अंश सहज जास्त असतात, आणि संथ पाण्यात वरचा थर खालच्यापेक्षा गरम असतो. आधी हाताने ढवळा, मग थर्मामीटर मुलाच्या छातीच्या पातळीला एक मिनिट धरून वाचा.

एक अगदी महत्त्वाचं: डोकं पाण्याखाली जाऊ द्यायचं नाही, नाकात पाणी उडेल असे खेळ नकोत. क्लोरीन नसलेल्या कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो. पाणी पोटात गेल्याने तो काही करत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. फार दुर्मीळ, पण झाल्यास जवळपास नेहमीच जीवघेणा. साडेतीन वर्षांच्या मुलीला बुडी मारायची हौस असेल तर ती हॉटेलातल्या क्लोरीनच्या तलावात भागवा.

दोन_पिल्लं
धन्यवाद! थर्मामीटर नसला तर कोपर बुडवून बघणं पुरेसं आहे का? आणि बंद न्हाणीघर घेतलं तर पाणी हवं तेवढं गार करून घेता येईल, गर्दीही नाही. ते जास्त बरं नाही का?

कोमटपाणी
कोपराची परीक्षा घरात ठीक. थंड हवेतून आल्यावर कोपर गारठलेलं असतं आणि ते काहीही सांगतं. शिवाय पाण्यात दोन मिनिटं बसलं की 'आता बरं वाटतंय' असं होतं. तेव्हा पाणी निवलेलं नसतं, कातडी सरावलेली असते.

बंद न्हाणीघराबद्दल जरा जपून. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे बंद जागेत जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका रांगत्या-चालत्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर. वर, थोड्या वेळाने नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. खिडकी उघडी राहते का आणि जमिनीजवळ हवा बाहेर जायला झरोका आहे का, हे आधी पाहा. दोन्ही नसेल तर खोली घेऊ नका. उघड्यावरचं कुंड केव्हाही बरं.

हातापायातलं चांदीचं काही असेल तर आधी काढा, गंधकाच्या पाण्यात काळं पडतं.

पायवाट
सगळे कुंडाबद्दल लिहितायत, पण मुलं भाजतात ती बहुतेक कुंडाबाहेर: उगमाजवळ, उघड्या पन्हळीत, पाइपाच्या तोंडाशी. ६० अंशांचं पाणी लहान मुलाच्या कातडीला एक-दोन सेकंदांत खोल भाजतं, आणि उगमाशी पाणी उकळतंही असू शकतं. तिथल्या ओल्या पांढऱ्या पापुद्र्यावर पाय देऊ नका. वरून टणक दिसतो, खाली पोकळ असतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये लाकडी पायवाट सोडायला बंदी आहे ती याचसाठी. उगम बघायचाच असेल तर दीड वर्षाचा पाठीवरच्या कॅरिअरमध्ये, मोठीचं मनगट हातात. बोटं धरू नका, ती निसटतात.

भाजलंच तर पहिलं काम कपडे आणि डायपर काढणं. डायपर गरम पाणी शोषून कातडीला चिकटवून ठेवतो आणि आत भाजणं चालूच राहतं. मग नळाचं साधं गार पाणी २० मिनिटं, फक्त भाजलेल्या जागेवर, बाकीचं अंग पांघरुणात. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नाही. चेहरा, हात, पाय, जांघ किंवा मुलाच्या तळहाताहून मोठी जागा असेल तर थेट दवाखाना.

डायपरबदलू
डायपरचं मी सांगते. साधा डायपर पाण्यात फुगून किलोभराचा होतो आणि फाटून आतला जेल पाण्यात सुटतो. स्विम डायपर लागेल, पण तो फक्त शी अडवतो, शू नाही. म्हणून उतरायच्या मिनिटभर आधी चढवा, मांडीशी घट्ट बसतोय ना बघा. दर खेपेला दोन धरा. काही ठिकाणी, जपानातल्या बऱ्याच ओन्सेनमध्ये (गरम झऱ्यांच्या न्हाणीघरांमध्ये) तर हमखास, डायपरमधल्या मुलांना कुंडात प्रवेशच नसतो, तेव्हा आधी फोन करून विचारा. जुलाब चालू असतील तर कुंड रद्द.

डायपर रॅश असेल तर खनिजांचं पाणी झोंबतं, त्या दिवशी फक्त पाय बुडवा. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवा आणि ओलसर अंगालाच क्रीम लावा. एक्झिमावाल्या मुलांना हे चुकवू नका.

घाटवळण
उंचीबद्दल राहिलंच. त्रास प्रामुख्याने २५०० मीटरच्या वर. २१०० ला कमी शक्यता, पण वरच्या एखाद्या खिंडीत सहल काढलीत तर लक्ष ठेवा. दीड वर्षाचं मूल डोकं दुखतंय म्हणून सांगणार नाही. ते किरकिर करेल, जेवणार नाही, झोप लागणार नाही, उलटी होईल. प्रवासानंतर हे सगळं थकव्यानेही होतं, म्हणून शंका असेल तर उंचीच समजा आणि खाली उतरा. पहिल्या दिवशी कुंड नको.

घाटात गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांनंतर जास्त, म्हणजे तुमच्याकडे मोठीला. निघण्याआधी तासभर हलकं खाणं, मोबाइल बंद, नजर खिडकीबाहेर. उतरताना कान दडतात तेव्हा धाकट्याला पाजा, मोठीला घोट घोट पाणी.

दुधाचं पाणी उकळताना: २००० मीटरच्या वर एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं उकळू द्या, तिथे पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. झऱ्याचं पाणी मात्र उकळूनही बाटलीत नको. त्यात फ्लोराइड, आर्सेनिक असू शकतं आणि ते उकळून जात नाही.

दोन_पिल्लं
खूपच उपयोगी. शेवटचा प्रश्न: संध्याकाळी नेऊ का, म्हणजे नंतर गाढ झोपतील?

कोमटपाणी
सकाळी दहा-अकराला न्या, ऊन असताना. संध्याकाळी हवा गार, काठ निसरडा, मुलं पेंगुळलेली. कपडे घालायच्या क्रमाने पिशवी भरा: सर्वांत वर टोपीचा टॉवेल, मग लोकरी टोपी, बनियन, डायपर, बाकीचे कपडे, तळाशी मोजे. डोकं आधी पुसून टोपी घालायची, मग खालचं. मागे पट्टा असलेले रबरी बूट दोघांनाही, सपाता नकोत, शेवाळावर त्या पायातून निघतात.

गाडीत बसवताना फुगीर जॅकेट काढा. सीटचा पट्टा जॅकेटवरून आवळला तर आत ढिला राहतो. पट्टा लावा, मग जॅकेट उलटं करून वरून पांघरा.

तिसरी_घंटा
आणि मोठ्यांनी ४० च्या कुंडात आळीपाळीने जायचं. एक जण आत, दुसरा मुलांपाशी. दोघांनीही एकदम जायचं आणि मुलं काठावर बसवायची, हे नको.